धोकटीची कैफियत

गेल्या हिवाळ्यात मुख्याध्यापकांच्या एका निवासी प्रशिक्षण वर्गाला गेलो होतो. तीन दिवस, दोन रात्री, एका खोलीत सहा जण आणि सगळ्या मजल्याला मिळून एक न्हाणीघर. दुसऱ्या दिवशी दुपारी 'प्लॅस्टिकमुक्त शाळा' या विषयावर दोन तासांचे व्याख्यान झाले. पडद्यावर चित्रे दाखवली, गाईच्या पोटातून काय काय निघते ते सांगितले आणि शेवटी आम्हा सर्वांना उभे करून, उजवा हात पुढे करायला लावून शपथ दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला न्हाणीघरात शिरलो, तर कोपऱ्यातली कचऱ्याची बादली निळ्या-पिवळ्या दांड्यांनी भरलेली. शिक्षकी सवय, मोजल्याशिवाय राहवेना. सव्वीस. सव्वीस प्लॅस्टिकचे रेझर, एकदा, फार तर दोनदा गालावरून फिरवलेले, 'आज निघायचेच आहे, कशाला परत न्या' म्हणून टाकलेले. हात पुढे करून शपथ घेतलेल्या त्याच उजव्या हातांनी टाकलेले!

नाश्त्याच्या वेळी मी हा विषय काढला. "सर, देश कुठं चाललाय आणि तुमचं लक्ष आमच्या दाढीवर!" असे म्हणून एका स्नेह्यांनी टाळी मागितली आणि सगळे टेबल हसले. मीही हसलो, कारण पोह्यांची बशी हातात असताना वाद घालू नये. पण तो वाद राहून गेला तो गेलाच नाही. तो आता या अंकाच्या पानांवर घालतो आहे.

माझे म्हणणे थोडके आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाचे दाढीचे सामान शाळकरी मुलाच्या कंपासपेटीएवढ्या जागेत मावते, त्याच्या हयातीत मोडत नाही आणि मागे जवळजवळ काहीच कचरा ठेवत नाही. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटलेला होता. सुटलेले गणित पुसून आपण ते पुन्हा चुकीचे सोडवले आणि त्या चुकीला नाव दिले 'सोय'.

खरे तर त्याही आधी ते सुटलेले होते, आणि ते सोडवणाऱ्यांना आपण कधी नीट मान दिला नाही. बारा बलुत्यांतला न्हावी काखेला मारून हिंडत असे ती धोकटी आठवा. आमच्या खानापूरकडच्या गावात माझ्या लहानपणी एक म्हातारे गृहस्थ आठवड्याचा वार धरून येत. कातडी पिशवी, तिच्यात दोन वस्तरे, कातर, नखे काढायची नराणी, धार लावायची सहाण, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी, आरसा आणि तुरटीचा खडा. एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जाणाऱ्या माणसाचे सगळे दुकान त्या पिशवीत असे. तिच्यात एक वस्तू जास्त नाही, एक कमी नाही, आणि फेकायची तर एकही नाही. ज्यांच्या हाती ही कला होती त्यांच्या धंद्याचे नाव आपण शिवीसारखे वापरले. 'हजामत केली' म्हणजे फजिती केली! १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मी ते कधी ठळक अक्षरांत पाहिले नाही. असो. मुद्दा धोकटीचा आहे.

माझ्या वडिलांनी तीच धोकटी लहान केली. ते प्राथमिक शिक्षक, बदल्यांचे धनी. माझ्या जन्मापूर्वी बेळगावच्या खडेबाजारात घेतलेला त्यांचा रेझर पितळेचा, वर निकेलचा मुलामा. मुलामा दांड्यावरून केव्हाच उडाला आणि आतले पितळ दिसू लागले, एवढीच त्याची झीज. त्याचे तीन तुकडे होतात: वरची टोपी, खालची दातेरी पट्टी आणि आटे पाडलेला दांडा. उघडून आडवे ठेवले की तिन्ही मिळून कंपासपेटीचा अर्धा भागही व्यापत नाहीत. उरलेल्या जागेत पाच ब्लेडचे पाकीट, खिशातला छोटा आरसा आणि कापडात गुंडाळलेला तुरटीचा तुकडा. हीच पेटी आज माझ्याकडे आहे. तिच्या झाकणाच्या आत पाढे छापलेले आहेत, ते पुसट झाले आहेत. तेरा सत्ते एक्याण्णव अजून वाचता येते.

ब्रश पेटीत मावत नाही. त्यावर वडिलांनी काढलेला तोडगा असा की, ब्रशची मूठ करवतीने निम्मी कापायची, कड कानशीने घासायची आणि औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत तो उभा बसवायचा. झाकणाला आणि बुडाला तापल्या सुईने भोके. बाटली प्लॅस्टिकची आहे, हे माझ्या टीकाकारांनी सांगण्याआधी मीच सांगतो. मला प्लॅस्टिकचा विटाळ नाही. एकदा वापरून टाकण्याचा आहे. ही बाटली माझ्याकडे एकोणीस वर्षे आहे. भोके का, तर ओला ब्रश कोंडला की त्याला बुरशीचा कुबट वास येतो. आता मी जनावराच्या केसांचा ब्रश सोडून कृत्रिम तंतूंचा घेतला आहे, कारण तो झटकला की तासा-दोन तासांत वाळतो आणि प्रवासाला तोच बरा. (पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या अस्वच्छ ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. 'जुने ते सारे सोने' असे मी म्हणत नाही ते म्हणूनच.) साबणासाठी मलमाची रिकामी पत्र्याची डबी. दाढीचा साबण किसायचा, चार थेंब पाणी घालून अंगठ्याने डबीत दाबून बसवायचा, रात्रभर उघडा ठेवायचा. एक डबी मला दोन महिने पुरते, पिशवीत सांडत नाही, आणि फेसाच्या त्या फवाऱ्याच्या डब्यासारखी वायू भरून फुगलेलीही नसते. झाले सामान! याहून जास्त काही लागत असेल तर ते दाढीला लागत नाही, मनाला लागते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मीच मांडतो, कारण तो खरा आहे. ते म्हणतील, 'सर, तुमचा हा रेझरसुद्धा फेकण्याच्याच कल्पनेतून जन्मला.' बरोबर. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत होता. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला की, लोक एकदा वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असे काहीतरी शोध. त्यातून पातळ पात्याचा रेझर निघाला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. १९०४ साली पेटंट मिळाले. १९१८ साली अमेरिकेने युद्धावर जाणाऱ्या शिपायांना लाखोंनी हे रेझर दिले, तेही पत्र्याच्या आटोपशीर डबीत घालून. खंदकात राहणाऱ्या माणसाची धोकटीच ती.

म्हणजे फेकण्याचा पाया तेव्हाच घातला गेला, हे कबूल. पण काय फेकायचे आणि काय ठेवायचे याची वाटणी तेव्हा शहाणपणाने झाली होती. फेकायचे ते पाते, वजन ग्रॅमभरही नाही, शुद्ध पोलाद. ठेवायचा तो रेझर, बापाकडून मुलाकडे जाणारा. १९७० नंतर ही वाटणी उलटली. आधी पात्याला प्लॅस्टिकचे घर मिळाले, मग १९७५ च्या सुमारास दांड्यासकट सगळेच टाकण्याचा रेझर बाजारात आला. पात्यांची संख्या वाढत गेली: १९७१ साली दोन, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. एका गरीब केसाच्या मागे पाच-पाच सावकार! ते पोलाद, प्लॅस्टिक, रबर आणि ओलावल्यावर बुळबुळीत होणारी ती पट्टी एकमेकांना अशी घट्ट चिकटवलेली असते की, ती सोडवून वेगळी करायला भंगारवाला बसत नाही, आणि का बसेल? माझे पाच ब्लेडचे पाकीट आजही एखाद्या चहाच्या किमतीच्या आसपास मिळते आणि मला महिना जातो. त्या पाच पात्यांच्या डोक्यांच्या पाकिटाला काही शे रुपये पडतात. हिशेब घालण्यासारखा आहे, पण मला पैशाचे दुःख फार नाही. वस्तू आपल्याजवळ राहतच नाही, याचे आहे.

आणि एक कबुली याहून जड आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या कामात मुक्काम पडला म्हणून मी शाळेतच सकाळी दाढी केली आणि जुने ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकले. मला वाटले, गुंडाळले म्हणजे झाले. दुपारी आमच्या शाळेतल्या मावशींनी टोपली रिकामी करताना कागद हाताने दाबले. बोट उभे चिरले. तीन टाके पडले. कुणी विचारले नाही, मावशींनीही सांगितले नाही. पण कागद माझ्या वहीचा होता, तो मी ओळखला. त्यांना दवाखान्यात मीच नेले. वाटेत त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे हो सर, पोरांनी पेन्सिलीला आणलं असंल." मी गप्प बसलो. दवाखान्यातून परतल्यावर सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याचा लहान मुलांचा गल्ला आणला, नाणी टाकायची फट असते तो. ब्लेड त्या फटीतून बरोबर आत जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. जुन्या अमेरिकी घरांत न्हाणीघरातल्या कपाटाला अशीच फट असे आणि ब्लेड त्यातून भिंतीच्या पोकळीत पडत. आपण भिंती पोखरायला नकोत, गल्ला पुरतो. प्रवासात वापरलेले ब्लेड त्याच्या मूळ कागदात परत गुंडाळून पाकिटात ठेवावे आणि घरी आणावे. परगावच्या बादलीत टाकू नये. तिथेही कुणीतरी मावशी असतात.

हे सांगितल्यावर वादाचा अधिकार मला उरतो का, हे वाचकांनी ठरवावे. माझ्या मते उरतो, कारण त्या सव्वीस दांड्यांतही पाती होतीच. तीही कुणाच्या तरी हातांनीच उचलली गेली.

आता सोयीचा मुद्दा. १० मे २०२३, विधानसभेचे मतदान. शिक्षकाच्या नशिबी निवडणूक चुकत नाही. मी बैलहोंगलकडच्या एका गावी मतदान केंद्राध्यक्ष. आदल्या संध्याकाळी यंत्रे, पेट्या, कागदांचे गठ्ठे घेऊन शाळेच्या खोलीत उतरलो. रात्री वळवाने झोडपले आणि वीज गेली ती गेलीच. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, सातला खरे. म्हणजे साडेचारला उठून, एका तांब्यात आणि मेणबत्तीच्या उजेडात सगळे उरकायचे. आमच्यातला एक तरुण बँक अधिकारी विजेवर चालणारे यंत्र घेऊन आला होता. अर्धा गाल झाला आणि यंत्राने मान टाकली. सकाळी सगळ्या गावासमोर बसायचे आणि चेहरा असा, अर्धा नवरदेव नि अर्धा बैरागी! तो माझ्याकडे आला. "सर, निम कडे ब्लेड ऐतेन्री?"

माझी दाढी उरकली होती. चहासाठी उकळलेल्या पाण्यात रेझर बुडवून काढला, नवे ब्लेड घातले (ब्लेड कधीही कुणाशी वाटून घेऊ नये, हे इथेच सांगून ठेवतो) आणि त्याच्या हाती दिला. त्याला तो धरताच येईना. त्याने आयुष्यात असा रेझर हाती धरला नव्हता. मी त्याच्या मनगटाला धरून कोन दाखवला. पाते गालाशी तीसेक अंशांत, केसांच्या दिशेने सुलटा हात आधी, आणि दाबायचे मुळीच नाही. "ओत्तब्याड्री," मी म्हणत राहिलो, "ओत्तब्याड्री, वजन त्याचंच असतं." प्लॅस्टिकच्या हलक्या दांड्याने दाबायची सवय लागते आणि जड पितळेला ती सवय सोसत नाही. दोन ठिकाणी कापले, तुरटी फिरवली, रक्त थांबले. पाच मिनिटांत माणूस मतदान अधिकारी दिसू लागला. जाताना त्याने विचारले, हे कुठे मिळते. बापाने शिकवायचे ते त्याला भल्या पहाटे परक्या गावात एका परक्या मास्तरने शिकवले. त्याच्या बापाला कुणी शिकवू दिले नाही? त्याच्या बापाने रेझर का टाकला? या प्रश्नांसाठी मी हा लेख लिहितो आहे.

दोन शब्द दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही ऐकवले पाहिजेत. अलीकडे जुन्या रेझरचा शौक निघाला आहे. विलायती ब्रश, चंदनाचा साबण वेगळा, लिंबाचा वेगळा, दाढीच्या आधी लावायचे तेल, नंतर लावायचा मलम, आणि हे सर्व ठेवायला चामड्याची पेटी. एका परिचितांची 'प्रवासाची' पेटी मी पाहिली. माझी दोन दिवसांची पिशवी तिच्यात बसली असती. ती पाहून मला धोकटीवाले म्हातारे आठवले. त्यांच्याकडे आजच्या माणसाच्या दसपट कौशल्य होते आणि दशांश सामान. फेकणारा आणि जमवणारा हे दोघे मला सख्खे भाऊ वाटतात. वस्तूशी संसार करणे दोघांनाही जमत नाही. दाढी वाढवणाऱ्यांशी मात्र माझे काही भांडण नाही. त्यांनी प्रश्नच मिटवला आहे.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. विजापूर-बागलकोटकडे बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरी साय तेवढी जमते. तिथे पाणी उकळून निवळू द्यावे आणि साबण जरा जास्त घ्यावा, बऱ्यापैकी जमते. विमानाने जायचे तर सुटे ब्लेड हातातल्या पिशवीत चालत नाही. दोन वर्षांपूर्वी सांबऱ्याच्या विमानतळावर मी ते विसरलो आणि तपासणीच्या जवानाने पाकीट काढून घेतले. चूक माझी. रेझर त्याने पाहिला, उलटापालटा केला, हसला आणि परत दिला. ब्लेड सामानात द्यावे, नाहीतर उतरल्यावर विकत घ्यावे. ते कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळते. पाच पात्यांचे तुमचे ते विशिष्ट डोके मिळते का, ते बघा.

पालकांसाठी आता थेट बोलतो, कारण या अंकाचे वाचक बहुतेक तेच. दर जूनमध्ये आमच्या शाळेतून बाहेर पडलेली मुले धारवाड, हुबळी, कोल्हापूर, पुण्याला वसतिगृहात जातात. नवी बॅग, नवा मोबाइल, नवी चादर. आणि दाढीसाठी प्लॅस्टिकच्या रेझरांचे दहाचे पाकीट, आईनेच दुकानातून आणलेले, बाबांना विषय काढायला लाज वाटते म्हणून. घरात आता दोन भाषांची वर्तमानपत्रे येतात, तीन भाषांत मालिका चालतात, पण बाप-लेक एका आरशासमोर पाच मिनिटे उभे राहत नाहीत. रविवारी सकाळी मुलाला शेजारी उभा करा. त्याच्या गालाला फेस तुम्ही लावा. गरज असेल तर तुम्हीही विसरलेले पुन्हा शिका. पहिल्या दोन-तीन वेळा कापेल, तुरटी लावा.

माझ्या मुलाला मी त्याच्या अठराव्या वर्षी नवा रेझर घेऊन दिला. वडिलांचा नाही, तो अजून माझ्या कामाचा आहे. कंपासपेटी त्याची स्वतःचीच होती, दहावीच्या परीक्षेला वापरलेली. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा पेटी उघडून पाहिली. रेझर होता, ब्लेडही होते, आणि जोडीला कोनमापक तसाच ठेवलेला. "अरे, हा कशाला?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, तीस अंश."

मावशी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. गल्ला शाळेच्या कपाटात आहे, आता इतर शिक्षकही त्यात ब्लेड टाकतात. मावशींनी जाण्याआधी त्यावर चिकटवायला माझ्याकडून 'ब्लेड' असे मराठीत आणि कन्नडात मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. अजून निम्माही भरलेला नाही. भरला की त्याची फट ठोकून बंद करायची आणि भंगारवाल्याच्या हाती, आत काय आहे ते सांगून, द्यायचा.